डाव्या दाराचं हँडल

धुळ्यात कुरियरच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभे होते. खिडकीतल्या माणसाने तळहाताएवढं पार्सल पुढे सरकवलं.

"माय, दाराचं आतलं हँडल चारशेचं आणि पाठवणावळ सातशे! आपण काय इंजिन मागवलंय?"

"राहू दे, प्रेमराज. पैसा दि टाक."

"जुन्या फियाटचं सामान कुठे मिळत नाही, म्हणून असं कापतात. परतच करतो."

"नको. माले पाहिजे शे."

"पण तुझ्या बाजूचं दार बाहेरून उघडतं ना?"

"बाहेरून कोन उघाडी? शिंदखेड्याले लग्नमा तू गाडी लावी आनि मांडवमा निंघी गया. मी आतमाच बशी रायनू."

"मला वाटलं, तू मागून येतेयस. आबा होते तेव्हा कशी उतरायचीस?"

"तुना आबा उतरेत, वळसा घालीसन येत, मंग मनं दार उघाडेत."

"इतकी वर्षं?"

"हां, इतला वरीस."

"मग तेव्हाच का नाही मागवलं हे?"

"मी सांगेल व्हतं. दर येळे म्हनेत, पाठवणावळ भलती पडस."

"आबा? हॉर्न कोइम्बतूरहून आणला, काच दिल्लीहून. पाठवणावळ त्यांनी कधी विचारलीसुद्धा नाही."

"नही ना."

"मग या एका हँडलचंच काय जड झालं त्यांना?"

म्हातारीने पार्सल घेतलं आणि पदराखाली धरलं.

"बरं, चल. घरी गेल्यागेल्या बसवून देतो."

"उद्या बसाड. आज तू उघाडी दे."