करपलेल्या पावाचं पुडिंग

—नाही नाही, तुम्ही बाहेर निघू नका, डोकं तसंच असू द्या बेसिनखाली, मी आपला इथं खोक्यावर टेकतो. अडचण नाही ना होत? तुम्ही पाइपाशी बोला, मी तुमच्याशी बोलतो. मी शेफ इथला. म्हणजे मुख्य आचारीच, पण आचारी म्हटलं की या टोपीला राग येतो. बघितलीत का टोपी? केवढी आहे! दरवेळी काहीतरी फसलं की मी हिची उंची वाढवत आलोय. तर मिस्त्री, सकाळी हे बेसिन अगदी ठणठणीत होतं, आणि दुपारी एकदम तुंबलं — आणि आज संध्याकाळीच मालक पाहुण्यांना घेऊन येणार आहेत, माझा नवा पदार्थ चाखायला. आता माशी शिंकायची ती आजच शिंकावी? कुठला पदार्थ, विचारलंत? नाही विचारलंत. सांगतो तरी.

करपलेल्या पावाचं पुडिंग. हसा, हसा, पाइपात आवाज घुमतोय तुमचा. पाव मुद्दाम काळाकुट्ट करायचा, दुधात भिजवायचा, वाटायचा, वाफवायचा, वर मिठाचे खडे. मेनूवर त्याला पुडिंग म्हणायचं नाही, ‘घाईतली सकाळ’ म्हणायचं. नाव मला आधी सुचलं, पदार्थ मागाहून शोधला — हल्ली माझं असंच, आधी बारसं आणि मग लग्न. खरं सांगू का? घरी टोस्ट करपला होता. बायको म्हणाली, फेकून द्या. मी म्हटलं, फेकून काय द्या, ही कल्पना आहे! ती म्हणाली, मग कल्पना फेका आणि ताटली धुवून ठेवा. कलावंत म्हणजे काय हो शेवटी? ज्याला करपलेलं फेकवत नाही तो.

पकड देऊ? ही? बरं, ती. आता आमच्या किचनची रीत सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचं कळेल. इथं एकच उत्तर असतं — ‘हो शेफ’. मी म्हटलं मीठ कमी झालंय, ‘हो शेफ’. मी म्हटलं मीठ जास्त झालंय, ‘हो शेफ’ — त्याच पातेल्याला बरं का! मागं एकदा आमचा मासेवाला गडी मासा भाजतोय, भाजतोय, भाजतोच आहे. मी वैतागून म्हटलं, ‘अजून भाज, मला चपलेला तळ लावायचाय!’ तर म्हणाला ‘हो शेफ’, आणि भाजला ना अजून! वर बाहेर पाठवला! आणि गिऱ्हाईक काय म्हणालं असेल? ‘वा, वेगळाच अनुभव!’ तेव्हापासून तो मासा मेनूवर आहे, लोक लांबून येतात खायला. ही रीत आणली कुणी? मीच, दुसरं कोण. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते पळी फेकून मारायचे. मी ठरवलं, आपण कुणाला मारायचं नाही, नुसतं बघायचं. आता ही मंडळी आपापसात म्हणतात, पळी परवडली असती.

एकच आहे जी ‘हो शेफ’ म्हणत नाही. माझी भाची, ताईची लेक. माझ्या हाताखाली नंबर दोन. ही एवढीशी होती, दुडूदुडू चालायची, तेव्हा मी नवाकोरा पांढरा कोट घालून ताईकडं गेलो होतो — घरात कुणी कोट घालतं का? पण मी घातला — आणि मोठ्या ऐटीत सगळ्यांना सूप करून वाढलं. सगळे ‘छान झालंय रे’ म्हणत वाटी चाटूनपुसून खातायत, आणि हिनं एक घोट घेतला आणि माझ्या कोटावर — फुर्रर्र! ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चाखून बघितलं, तर मिठाच्या जागी साखर पडलेली. तेव्हाच मी म्हटलं, ताई, हिला शिकवू नकोस काही, ही माझ्याकडं येणार.

आणि आली. आणि आज सकाळी मी तिला घालवली. कशी म्हणून काय विचारता! पुडिंग झालं, सगळ्यांना एकेक वाटी दिली. ‘अप्रतिम शेफ’, ‘कमाल शेफ’, एकानं तर डोळे मिटले, मला वाटलं समाधीच लागते की काय याची. हिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, ‘मामा, हे करपलंय.’ मी म्हटलं, अगं करपलेलंच आहे, तीच तर कल्पना आहे! तर म्हणते, ‘मग कल्पना करपलीय.’ भांडी घासणाऱ्या मावशी फिस्सकन हसल्या हो! आता मी काय करायला हवं होतं? हसायला हवं होतं. मी काय केलं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, इथं मामा कोण? इथं शेफ म्हणायचं. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही माणसानं? नाही थांबलो. म्हटलं, ताईकडं बघून ठेवून घेतलंय तुला, नाहीतर तुझ्यासारख्या छप्पन मिळतात. तिनं ॲप्रन सोडला, घडी घातली — घडी घातली हो, माझ्या तोंडावर फेकला असता तरी चाललं असतं — आणि गेली.

मग ताईचा फोन. पोरगी तोंड मिटून बसलीय, काय बोललास तिला? मी म्हटलं, छे, काही नाही, जरा कामाचा ताण. ताईला काय कळत नाही होय? मग निरोप लिहायला बसलो. ‘बाळा’ लिहिलं, खोडलं. ‘चुकलं माझं’ लिहिलं, खोडलं. शेवटी पाठवलं काय? ‘मालक येणार आहेत, वेळेवर ये.’ सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो सुंभ मीच.

तुम्हाला म्हणून सांगतो, तुमचं तोंड तिकडं आहे म्हणून सांगतो — मालकांची मला भीती नाही. त्यांना नाव आवडलं की पदार्थ आवडतो. भीती दुसरीच आहे. मला आताशा कळत नाही हो. मीठ कळतं, आंबट कळतं, शिजलंय-नाही शिजलंय सगळं कळतं, पण चांगलं झालंय का, ते कळत नाही. इतकी वर्षं नुसतं हो हो ऐकून जीभ बधिर झालीय माझी. लोक विचारतात, शेफ, एवढं नवं नवं सुचतं कसं? मी टोपी सारखी करतो आणि म्हणतो, आतून येतं. कुठलं आतून! मी दहा गोष्टी करतो आणि तिच्या तोंडाकडं बघत बसतो. तिनं नाक मुरडलं की ते बाद. ती काही न बोलता दुसरा चमचा घ्यायला लागली की ते मेनूवर. बस्स, एवढीच माझी प्रतिभा. आता ती आली नाही तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? या होयबांच्या?

हां, सुटलं? ओढा, ओढा — अरे बाप रे, केवढा गोळा! बादलीत टाका. कसला गाळ आहे हा, काळा काळा... थांबा. थांबा जरा. हा वास... अहो, हे माझं पुडिंग आहे! हे बघा, वाटायचा राहिलेला करपलेला तुकडासुद्धा आहे! — अरे ए, इकडं या सगळे! आता कसली कांदे चिरायची घाई! हे कुणी ओतलं? तू? मग तू? अप्रतिम ना? कमाल ना? आणि डोळे मिटणारे महाराज, तुम्हीपण? — सगळ्यांनी, मिस्त्री. अख्ख्या किचननं. हसा तुम्ही, मीपण हसतोय. पाइपालासुद्धा गिळवलं नाही हो!

कोण आलं? मागचं दार वाजलं. आली! बघा, आली की नाही! ये गं, ये बाळा. अगं, ॲप्रन राहू दे, आधी ही बादली बघ. ओळख, काय आहे? तुझंच खरं होतं. कल्पना करपलेलीच होती. हस ना. बरं, नको हसूस. हा चमचा घे, ही एक वाटी उरलीय. चाख आणि सकाळी बोललीस तसं बोल, या सगळ्यांसमोर. हवं तर कोटावर थुंक, अजून पांढराच घालतो मी. ही बघ, टोपी काढून उभा आहे. बोल.

...काय?

नाही, ऐकू आलं मला. ‘छान आहे’ म्हणालीस. अगं पण... ‘छान आहे, शेफ.’ ‘वाट्या किती काढू, शेफ?’ म्हणतेय.

मिस्त्री, उठा तुम्ही. पाणी जातंय ना? मग झालं. पाना घ्या तुमचा, पिशवी घ्या. नाही, मला काही सांगायचं नाही आता. ती बादली तेवढी जाताना बाहेर न्या.