मेलेलं अस्वल

ताई : थांब, माझं अस्वल पत्त्यांच्या गठ्ठ्यात कशाला टाकतोस? मेलेला प्राणी आपण परत हातात घेतो.

धाकटा : नाही गं ताई. मेला की गेला. आपण लहानपणापासून चुकीचं खेळत होतो.

ताई : असं कोण म्हणतं?

धाकटा : हिनेच दाखवलं. लग्नाआधी आम्ही दोघं पहिल्यांदा खेळलो, मी मेलेला प्राणी उचलला, तर ही पोट धरून हसली.

ताई : हसणारच.

भावजय : तसं नव्हतं हो ताई. हे बघा, पत्त्यावर वरचा आकडा ताकदीचा, खालचा जिवाचा. माझ्या कोल्ह्याची ताकद पाच, तुमच्या अस्वलाचा जीव चार. म्हणून ते मेलं. अस्वलानेही फटका दिला, म्हणून कोल्हाही गेला. आणि नवीन प्राणी मांडला की त्याच फेरीत...

ताई : हल्ला करायचा नाही. माहीत आहे. याला मीच शिकवलंय. नवीन आलेल्याने एक फेरी गप्प बसायचं असतं.

भावजय : ...मी चहा टाकते.

(ती आत जाते.)

धाकटा : ताई, हे काय बोलणं झालं?

ताई : जळते मी तिच्यावर, झालं समाधान? रविवारी तुझ्यासमोर मी बसायची. आता माझ्याच खेळात मला पाहुणीसारखं शिकवता.

धाकटा : मग तो उचलायचा नियम आला कुठून?

ताई : माझ्या डोक्यातून. तुझा पहिला प्राणी मेला तेव्हा तू पलंगाखाली जाऊन बसलास. जेवायलाही बाहेर येईनास. शेवटी म्हटलं, ये बाबा, मेलेले परत हातात येतात.

धाकटा : मला वाटायचं, तुला नियम नीट वाचता आले नाहीत.

ताई : वाटू दे. तू जेवलास ना?

भावजय : चहा घ्या. साखर कमी आहे, तुम्हाला लागते तशी.

ताई : तुला कोणी सांगितलं?

भावजय : यांनी. दिवसभर तुमचंच चालू असतं. कधीकधी मलाही राग येतो.

ताई : ...बस. कोणाची पाळी?

भावजय : तुमची. अस्वल उचला ना.

ताई : नको. नियम तो नियम.

भावजय : मग मी माझा कोल्हा कसा उचलू?

ताई : ...उचल. पण मांडलास की एक फेरी थांबायचं हं.