अर्धा सेकंद

—नाही काका, बाकीचे दोन राहू द्या, पहिला शब्द तेवढा खोडा. ‘कुटुंब, श्रद्धा आणि समाज यांना वाहिलेलं आयुष्य’ — वाचायला छान वाटतं, पाटीवर कोरल्यावर आणखी छान वाटेल, पण कुटुंब म्हणजे कोण? या दोन खोल्यांत मोजून दोन माणसं राहत होती, माझे वडील आणि मी. ते गेले. म्हणजे कुटुंब आता मीच की. मग मला विचारलं कुणी? क्लबाचे सेक्रेटरी म्हणून तुम्ही परस्पर मजकूर लिहायचा आणि माझ्याकडे फक्त जन्मतारीख विचारायला यायचं? बसा, बसा, चिडले नाहीये. माझा आवाजच असा आहे, त्यांनीच घडवलाय — मैदानाच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे म्हणून. चहा ठेवला असता, पण दूध नाहीये. एकटीसाठी आणायचं राहून जातं.

श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती होती, पोत्यानं होती. रोज साडेचारला उठायचे — गजर नाही, काही नाही, सैन्यातली सवय — आणि या भिंतीपलीकडे गुडघे टेकायचे. डाव्या गुडघ्यात लढाईतला तोफगोळ्याचा तुकडा अडकलेला, डॉक्टर म्हणाले टेकू नका, तरी टेकायचेच. मग नावं घ्यायचे. आधी तुकडीतले परत न आलेले सात जण, मग मैदानावर धावायला शिकवायचे ती पोरं — कुणाचा घोटा दुखतोय, कुणाचा बाप पितो, कुणाची परीक्षा आहे, सगळं देवाच्या कानावर घालायचे. मी अंथरुणात पडून ऐकायचे, माझं नाव कधी येतंय म्हणून. नाही आलं. — मनात घेत असतील? शेजारच्या मावशीही तेच म्हणाल्या. असतील बुवा. भिंतीतून मनातलं ऐकू येत नाही.

आणि समाज! समाजासाठी तर काय, अख्ख्या गल्लीतली म्हातारी माणसं दवाखान्यात नेऊन आणली त्यांनी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. पाचव्या दिवशी हे मैदानावर हजर. का, तर पोरांची स्पर्धा तोंडावर आलीय. मला ठेवणार कुणापाशी? नेलं सोबत, गळ्यात शिट्टी अडकवली आणि म्हणाले, मैदानावर बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, सगळ्यांना सारखा नियम. मी म्हटलं इमानेइतबारे. महिन्याभरात घरीसुद्धा तोंडातून सरच यायला लागलं, आणि त्यांनी — हे ऐका — त्यांनी एकदाही टोकलं नाही. ‘सर, पान वाढलंय.’ ‘सर, अंगात ताप आहे.’ हसताय? हसा, तेव्हा मलाही गंमतच वाटायची.

वेळा टिपायच्या वह्या ना? माहितीये मला, जन्मतारीख नुसतं निमित्त. काचेच्या कपाटात सरांचं घड्याळ आणि वह्या ठेवणार, खाली दिवा लावणार, पाहुणे आले की दाखवणार. देते. नऊ आहेत, या पिशवीत आहेत, घेऊन जा. पण अट आहे. निळी वही उघडी ठेवायची, मी सांगते त्या पानावर. — का काय? वाचा की. निवड चाचणी, चारशे मीटर, मुली. आता खाली माझी ओळ बघा. पेन्सिलीनं काय लिहिलंय? अठ्ठावन्न पॉइंट नऊ. त्याच्यावर रेघ. आणि शेजारी शाईनं? एकोणसाठ पॉइंट चार. मागची पानं उलटा, पुढची उलटा, हवी ती वही काढा — माझ्या प्रत्येक वेळेत अर्धा सेकंद जास्त. प्रत्येक. आठ वर्षं. सर स्वतःच्या हातानं घालायचे.

कशासाठी — हे तुम्ही मला विचारताय? क्लबाच्या पायरीवर बसून कोण म्हणालं होतं, ‘घड्याळ बापाच्या हातात, मग पोरगी पहिली येणारच’? मी दहा वर्षांची, खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. सर मागे उभे होते. तुम्ही आपली गंमत केलीत, चारजण हसले, विषय संपला. पण त्या माणसाला कधी गंमत कळली होती का? दुसऱ्या दिवसापासून अर्धा सेकंद सुरू. आपल्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये ना! तुमच्या पिढीचं हे बरं असतं, स्वतःच्या पोरांवर अन्याय केला की त्याला तत्त्व म्हणायचं आणि वर त्याची पाटी लावायची. आता त्याच पानावर वरची ओळ वाचा. तुमची भाची. एकोणसाठ पॉइंट दोन. जागा दोन होत्या, दुसरी तिला गेली. — तिचा काय दोष? पोरगी चांगली आहे, बसमध्ये भेटली की सरकून जागा देते.

चाचणीच्या संध्याकाळीच मी वही पाहिली आणि सरांना विचारलं. म्हणाले, ‘लोकांनी बोट दाखवता कामा नये. आणि तू अजून अर्धा सेकंद कमी करू शकतेस.’ म्हटलं, रोज गुडघे टेकता ना, खोटं लिहिलेलं चालतं त्याला? गप्प. माणूस गप्प बसायला लागला की चार वर्षं बसू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मैदान सोडलं. पुढच्या महिन्यात कॉलेजही सोडलं — तसं काही कारण नव्हतं, त्यांना लागावं म्हणून सोडलं. तेव्हापासून पार्सलच्या गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवतेय. घरी यायचं, पान वाढायचं, ते जेवणार, मी जेवणार, ते त्यांचं ताट विसळणार, मी माझं. लोक म्हणायचे, बापलेकीत भांडण नाही हो कधी. भांडायला समोरचा बोलावा लागतो.

— ती नको. ती पातळ वही नऊमधली नाही, ती ठेवा खाली. ठेवा म्हणतेय ना — उघडलीत? झालं.

बघा मग. मागच्या महिन्यातला रविवार आहे तो. सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘चल मैदानावर. एकदा धाव. येईल ती वेळ लिहितो, जशीच्या तशी.’ चार वर्षांत एवढं लांब बोलणं नव्हतं झालं. मी भांडी घासत होते. वळले पण नाही. म्हटलं, ‘सर, मला वेळ नाही.’ वेळ नाही! रविवार होता काका, गोदाम बंद होतं, मी संध्याकाळपर्यंत लोळत पडले होते. ते एकटेच गेले. दोन तासांनी आले, भिंत धरून धरून. मी विचारलं नाही कुठे होता. मंगळवारी सकाळी साडेचारला पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं, आज उशिरा उठतील.

मैदानाच्या माळ्यानं नंतर सांगितलं. सुरुवातीच्या रेषेपाशी उभे होते म्हणे, हातात घड्याळ, फाटकाकडे तोंड. तो म्हणाला, सर, बसा सावलीत, तर म्हणाले, येतेय ती. — पान बघितलंत ना? तारीख आहे. चारशे मीटर आहे. सगळ्या वह्यांत मी सतरा नंबर, बाकीच्यांसारखीच. इथे ‘मुलगी’ लिहिलंय. आणि पुढे वेळेचा रकाना. चष्मा पुसू नका, कोराच आहे तो.

द्या इकडे. हे कशाला सांगत बसले मी तुम्हाला? तुम्ही जन्मतारीख विचारायला आला होतात.

उचला ती पिशवी. आणि निळी वही — उघडी नका ठेवू. इतर वह्यांसारखी मिटून ठेवा. काय करायचंय आता लोकांना दाखवून. नाही, पाठीवर हात नको, मला सवय नाही त्याची. पाटीवर हवं ते कोरा. या तुम्ही. — काका, जा म्हटलं ना.