तीन दहा ते तीन चोपन्न या वेळेबाबत

माझे नाव व ओळखपत्राचा क्रमांक वर लिहून घेतला आहे तो बरोबर आहे. वय ५८ वर्षे. धंदा: वृत्तपत्रात नोकरी, मृत्युलेख लिहिणे. कचेरीत मला 'यमाचा कारकून' म्हणतात. राहणार: छापखान्यामागील गल्ली, दुसरा मजला, सोबत पत्नी.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आज सकाळी ११ वाजता स्वतःहून ठाण्यात आलो. जुन्या नटीबाई, ज्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत, त्यांच्या मृत्यूच्या चौकशीत त्यांना सांभाळणाऱ्या मावशींना काल सकाळपासून येथे बसवून ठेवले आहे. बाई पडल्यावर मावशींनी पाऊण तास कोणाला कळवले नाही, अशी बाईंच्या भाच्याची तक्रार आहे. ती तक्रार चुकीची आहे. मावशींनी लगेच कळवले होते. मला कळवले होते.

हे समजण्यासाठी आमच्या कचेरीतील एक रीत सांगणे भाग आहे. नामवंत माणसांचे मृत्युलेख ते जिवंत असतानाच लिहून ठेवले जातात. ते संगणकात 'तयार' नावाच्या कप्प्यात असतात. जन्म, कामे, मानसन्मान, गौरवाचे चार परिच्छेद असे सगळे असते. फक्त तारीख, वेळ आणि कारण यांच्या जागा मोकळ्या असतात. कोणाचा लेख आधी पक्का करायचा हे ठरवण्यासाठी दर वर्षअखेरीस एक यादी होते. तिचे कचेरीतले नाव 'पिकली पानं'. कचेरीतील आम्ही सात जण चहाच्या वेळी प्रत्येकी पाच नावे चिठ्ठीवर लिहितो. पुढील वर्षी कोण जाईल, आणि का, हे एका ओळीत. ज्याची जास्त नावे बरोबर येतील त्याला वर्षअखेरच्या दिवशी सुट्टी. ही रीत मी सुरू केलेली नाही, पण गेली चौदा वर्षे मी चिठ्ठी टाकत आलो आहे आणि चार वेळा सुट्टी घेतली आहे.

या खेळात थट्टा पुष्कळ चालते. एक विनोदी नट सहा वर्षे यादीत आहेत. मागील वर्षी यादीतल्याच दोघांच्या शोकसभेत त्यांनी भाषण केले. तेव्हा उपसंपादक म्हणाले, "हा माणूस आपल्या पोटावर पाय देतोय." सगळे हसले. मीही हसलो. तीन वर्षांपूर्वी क्रीडा विभागातील सहकारी, वय ४४, चिठ्ठी टाकून तिसऱ्या महिन्यात गेला. तो कोणाच्याच यादीत नव्हता. त्याचा लेख तयार नसल्याने आतल्या पानावर चार ओळी आल्या.

येथे मी मरणाच्या या बाजाराबद्दल, आणि आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांबद्दल, काही बोललो. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी "भाषण नको, घडलं तेवढं सांगा" असे सांगितले. त्यांचे बरोबर आहे. मी जन्मभर शोकसभांतून बोललो. आज ती जागा नाही.

यंदा बाईंचे नाव सातही चिठ्ठ्यांवर पहिले होते. एखादे नाव तीन किंवा जास्त चिठ्ठ्यांवर आले की त्या माणसाच्या घरी जाऊन लेख पक्का करायचा असतो. जाताना मुलाखतीचे निमित्त सांगतात. मी 'आठवणींची मालिका' असे सांगून मागील महिन्यात तीनदा बाईंच्या घरी गेलो. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या, "मालिका वगैरे राहू द्या हो. यंदा कितवा नंबर लागला माझा?" मी वही उघडली. त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं तुमच्याकडून कोणी ना कोणी येतं. बिचाऱ्यांची दरवर्षी निराशा करते मी. चहा घ्या. जिवंत माणूस म्हणून मला भेटायला कोणी येतच नाही, तेव्हा मेलेली म्हणून आलात तरी चालेल."

त्यांनी स्वतःहून फोटो काढून दिला. कमरेवर हात ठेवलेला प्रसिद्ध फोटो नको म्हणाल्या. "त्यात सगळ्यांना मी ऐटीत दिसते. खरं तर दिग्दर्शक शिव्या घालत होता आणि मी रडू आवरत होते." वय सर्वत्र ८४ छापले जाते, ते ८६ आहे असेही सांगितले. "चोरलेली दोन वर्षं परत करते. लिहून घ्या." मी लिहून घेतले.

मावशी तेथे अकरा वर्षे राहतात. त्यांना वाचता येत नाही. फोनवर आकडे मात्र ओळखतात. तिसऱ्या भेटीत, निघताना, मी त्यांना दाराबाहेर जिन्यात बोलावले आणि माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये पहिल्या बटणावर टाकून दिला. मी म्हणालो, "बाईंना काही झालं, तर आधी मला फोन करा. दुसऱ्या कोणाला नाही. मी सगळं बघतो." माझा हेतू असा की बातमी आम्हाला आधी मिळावी. मागील वर्षी एका गायकाच्या वेळी दुसरे वृत्तपत्र आमच्या वीस मिनिटे आधी पोचले होते आणि संपादकांनी मला सगळ्यांसमोर विचारले होते, "काका, मेलेल्यालाही तुम्ही उशिराच भेटता का?" मावशींनी माझे बोलणे वेगळे घेतले. त्या म्हणाल्या, "देवासारखे आलात साहेब. भाचा तर फोन उचलत नाही. रात्री-बेरात्री काय झालं तर कोणाला हाक मारू, हीच काळजी होती." मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही.

दिनांक १४ रोजी, मंगळवारी, मी कचेरीत माझ्या टेबलावर होतो. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी मावशींचा फोन आला. बोलणे झाले ते असे:

"साहेब, बाई न्हाणीत पडल्या. डोळे मिटलेत. हलत नाहीत."

"किती वाजता?"

"आत्ताच. लवकर बघा काहीतरी."

"कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही. तुम्हालाच पहिलं."

"मग आता कोणाला सांगू नका. मी बघतो."

फोन एक मिनिट चार सेकंद चालला. श्वास चालू आहे का, हे मी विचारले नाही. डॉक्टर आले का, हेही विचारले नाही. वेळ विचारली, कारण लेखात वेळेची जागा मोकळी होती.

३.१२ वाजता मी 'तयार' उघडून बाईंचा लेख काढला. वय ८६ केले. वेळेच्या जागी 'दुपारी तीनच्या सुमारास' आणि कारणाच्या जागी 'वृद्धापकाळाने' असे लिहिले. ३.१९ वाजता संपादक माझ्या टेबलाशी आले व उभ्यानेच वाचून म्हणाले, "झकास. फोटो तो कमरेवर हातवालाच टाका, लोक ओळखतात." मी हरकत घेतली नाही. शेजारच्या टेबलावरील मुलगी ओरडली, "अरे, जानेवारीतच माझं खातं उघडलं!" तेव्हा दुसरा म्हणाला, "खातं सगळ्यांचंच उघडलंय, बाई सातही चिठ्ठ्यांवर आहेत." त्यावर सुट्टी कोणाला धरायची याबद्दल वाद झाला. तो सुमारे पाच मिनिटे चालला. मीही त्यात बोललो.

३.३१ वाजता बातमी संकेतस्थळावर गेली. इतर सर्व वृत्तपत्रांच्या आधी गेली.

त्याच वेळी बाईंच्या घरी काय चालले होते, हे मला आज येथे दाखविलेल्या इतरांच्या जबाबांवरून कळले. ३.२५ च्या सुमारास खालच्या मजल्यावरील शिक्षिकाबाई मघाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला होता म्हणून वर गेल्या. मावशींनी दार थोडेसेच उघडून "काही नाही, भांडं पडलं" असे सांगितले व दार लावून घेतले. शिक्षिकाबाईंनी याच गोष्टीचा संशय घेतला आहे. कपाटाच्या किल्ल्या मावशींच्या कमरेला मिळाल्या, याचा भाच्याने घेतला आहे. किल्ल्या अकरा वर्षे तेथेच आहेत. तिन्ही भेटींत मी त्या पाहिल्या. दार लावून घेतले ते माझ्या सांगण्यावरून. शिक्षिकाबाईंची गाडी त्या वेळी खाली उभी होती आणि रुग्णालय सात मिनिटांवर आहे.

३.५१ वाजता मावशींचा दुसरा फोन आला. त्या म्हणाल्या, "साहेब, गाडी कुठवर आली? बाई पाणी मागतायत. देऊ का?"

मी उठून संपादकांना सांगितले की बाई जिवंत आहेत. ते म्हणाले, "नक्की? कोणी खात्री केली?" त्या मेल्या आहेत याची खात्री मला कोणी विचारली नव्हती. ते पुढे म्हणाले, "मंत्र्यांची श्रद्धांजली आलीय, काका. आता मागे घेतलं तर जग हसेल. थांबा जरा." मी थांबलो. किती वेळ, ते फोनच्या नोंदीवरून दिसते: तीन मिनिटे. ३.५४ वाजता मी रुग्णवाहिकेला फोन केला. ती ४.२० ला पोचली. बाईंना ४.४५ ला दाखल केले. सायंकाळी ६.१० वाजता त्या वारल्या. लवकर आणले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी त्यांच्या जबाबात सांगितले आहे. मी तो वाचला. मला त्यात काही जोडायचे नाही.

बातमी काढून टाकली गेली नाही. दोन तास एकोणचाळीस मिनिटे ती खोटी होती, मग खरी झाली. ६.३० वाजता संपादकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून "चला, सुटलो" असे म्हटले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर लेख आला. वाचकांची पत्रे आली. लेख फार हृदयस्पर्शी आहे, असे पुष्कळांनी कळवले.

दिनांक १६ रोजी, म्हणजे मावशींना येथे आणल्याचे कळल्यावर, संपादकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावले. कचेरीचे वकील हजर होते. वकील म्हणाले, "पहिला फोन आला तेव्हा आवाज नीट येत नव्हता, असं सांगा. तेवढं पुरे." मी विचारले, मग मावशींचे काय? संपादक म्हणाले, "काका, तिचं काय जाणार आहे? चार दिवस बसवतील आणि सोडतील. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, भावनेच्या भरात काही बोलू नका." आवाज नीट येत होता. मागे नळ वाहत होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

घरी गेल्यावर मी पत्नीला सर्व सांगितले. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तिला आत बसवलंय ना? मग तुम्ही बाहेर कसे?"

आज ठाण्यात आलो तेव्हा मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात तसं कोणाला बोलले नाही हो साहेब. इथं सारखं विचारतायत, पण तुमचं नाव नाही घेतलं. उगाच तुमच्यामागे लचांड कशाला? गाडीला रस्त्यात उशीर झाला, त्याला तुम्ही तरी काय करणार?" मी त्यांना बसा म्हणालो. मी हजार माणसांसमोर तास-तास बोललेला माणूस आहे.

तरी माझे सांगणे असे की, ३.१० ते ३.५४ या वेळेत बाईंना मदत मिळाली नाही, ती माझ्यामुळे. मावशींनी जे केले आणि जे केले नाही, ते सर्व माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. त्यांच्याविरुद्ध काही असल्यास ते माझ्या नावावर घ्यावे. माझा फोन, त्यातील नोंदींसह, मी जमा करीत आहे. यंदाच्या सात चिठ्ठ्याही जमा करीत आहे. त्यातील निळ्या शाईची माझी आहे. बाईंच्या नावापुढे मी कारण लिहिले आहे: 'एकटी राहते, पडेल.'

हा जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखविला. वेळा, माणसे व बोलणे माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खाडाखोड नाही, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वाचन चालू असता खोलीचे दार उघडे होते व मावशी बाहेरच्या बाकावर होत्या. वाचून झाल्यावर त्या दारात आल्या आणि त्यांनी मला विचारले, "म्हणजे पहिल्या फोनला गाडी सांगितलीच नव्हती?" मी "नाही" म्हणालो. हे शेवटचे प्रश्नोत्तर माझ्या विनंतीवरून येथे जोडले आहे. तेही बरोबर आहे. सही करीत आहे.