हौशीच्या भिंतीवरचा काटा

तुम्हीच सांगा, गावात राहून कोणाला तोंडावर 'तुझ्यापासून धोका आहे' असं म्हणता येतं का हो? पण नाही... मी दहावी शिकलेली ना, मग लावा हौशीच्या भिंतीवर बोर्ड! संस्थेच्या वर्षाताईंनी आसपासच्या तीन कंपन्यांसाठी तीन गोल बोर्ड आणले, प्रत्येकावर हिरवा, पिवळा, लाल, नि मध्ये पत्र्याचा काटा, गाडीच्या मीटरसारखा. "काकी, कोणत्या कंपनीपासून माणसांना नि जंगलाला किती धोका, ते न वाचता दिसलं पाहिजे. पाड्याने ठरवायचं, काटा तुम्ही सांभाळायचा." सांभाळायचा! काटा काय कोंबडी आहे, टोपलीखाली झाकून ठेवायला?

बरं, काजूवाल्याचा काटा हिरव्यावर गेला, पोल्ट्रीचा वासामुळे पिवळ्यावर. त्यांना कोणी बोटसुद्धा लावलं नाही. पण खडी क्रशर! त्याच्या सुरुंगांनी आमचा झरा गढूळ केलाय, आणि उन्हाळ्यात पाड्याला तेवढंच पाणी. सभेत सगळ्यांनी हात वर करून लाल ठरवला. बुधवारी तालुक्याचे साहेब बघणार होते. लाल दिसला तर सुरुंग थांबवून पाणी तपासणार.

सगळ्यांनी हात वर केले, हं! आणि सभा उठल्यावर एकेक जण माझ्याकडे चहाला. आधी भाचा हेमंत, बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचवणाऱ्या पोरांचा पुढारी. "मावशी, यंदा बोहाड्याला जनरेटर कोणी दिला? क्रशरवाल्यानेच ना? सोंगं काय अंधारात नाचवू?" काटा हिरव्यावर! मग सुकऱ्या, माझा दीर, तिथेच ड्रिल चालवतो, मान खाली घालून म्हणतो, "वहिनी... मधेच ठेव ना. मधे कोणाला राग नाय येत." पिवळ्यावर! तेवढ्यात शेजारची रुपी हंडा आपटत, "हे पानी पी गं हौशे, पी! दात करकरले का सांग मला, कोणता रंग तो!" परत लाल! आता कोणाला नाही कसं म्हणायचं? क्रशरचा मुकादम तर काय गोड... "मौसी, लाल रंग डोळ्याला बरा नाय," म्हणत स्वतःच काटा सरकवून, चहाला छान म्हणून गेला. त्याला तरी नाही कसं म्हणायचं?

मंगळवारपर्यंत काटा इतका फिरला, इतका फिरला, की ढिला होऊन वाऱ्यानेसुद्धा रंग बदलायला लागला. आता वाऱ्याला नाही कसं म्हणायचं!

मग मी माझ्यापुरता चहा केला. गाळला. गाळणीत चहापत्ती कमी, दगडाची भुकटी जास्त! म्हटलं, हौशे, तू सगळ्यांना चहा पाजलास, पण उद्या पाणी कुठून आणशील? उठले, तीन इंची खिळा घेतला, आणि हेमंत, सुकऱ्या, रुपी, सगळे बघत असताना काटा लालवर ठोकला. दोन घाव बोटावरच बसले. पण म्हटलं, "नाही! आता हलायचा नाही. रुसायचं त्यांनी रुसावं!" जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं हो... काय बरं वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. काटा मी ठोकला तिथेच होता, फक्त त्याच्याखालचा लाल कोणीतरी हिरवा रंगवला होता, आणि साहेबांनी वहीत हिरवा लिहून घेतला.