घरात खोकतं कोण?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, वॉर्डातल्या परिचारिका भगिनी, पालकहो, आणि ज्यांना निरोप द्यायला माझं मन अजून तयार नाही त्या आमच्या डॉक्टर बाई,

बाईंच्या हाताखाली मी मुलांची हाडं बघायला शिकलो. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मान्यवर बोललेच आहेत. मी आपला एका गुडघ्याबद्दल बोलतो.

सहा वर्षांची मुलगी. डावा गुडघा सुजलेला, चालताना लंगडायची. पडली असेल म्हणून मी पट्टी बांधली. पुन्हा आली, तेव्हा सांधेवात ठरवला. असे चार महिने गेले. मांडी काठीसारखी झाली आणि मी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालो. तेवढ्यात बाई आल्या. आल्या की काय करतात, ठाऊक आहे ना? खुर्ची सोडून सरळ फरशीवर बसतात! मुलीशी खेळता खेळता विचारलं, "घरात खोकतं कोण गं?"

आई म्हणाली, "कुणी नाही."

मुलगी म्हणाली, "आजोबा. पण तोंडावर उशी धरून."

"बाई, हिच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे," मी हटून बसलो.

"म्हणून गुडघ्याचीही हमी देतोस का रे? इंजेक्शन खाली ठेव. आधी आतला तुकडा तपासायला पाठव."

तुकड्यात क्षयरोग निघाला. आजोबांच्या थुंकीतही निघाला. दोघांची औषधं सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात सूज उतरली, तसे वडील म्हणाले, "चालतेय की नीट! बस झाल्या गोळ्या." बाई थेट त्यांच्या घरी गेल्या. आजोबांना म्हणाल्या, "नातीची गोळी रोज तुमच्या हातून. चुकली, तर तुम्हाला विचारीन." वर्षभरात एकही चुकली नाही. आज तो गुडघा पुरता वाकतो.

पण मंडळी, एक सांगायचं राहिलंय. अहवाल आला त्या दिवशी आईने विचारलं होतं, "हे आधी का नाही कळलं?" मी अहवालात डोकं खुपसलं. बाई म्हणाल्या, "आमच्याकडून चार महिने उशीर झाला. माफ करा." वास्तविक त्या चार महिन्यांत बाईंनी त्या पोरीला पाहिलंही नव्हतं! आणि मी? अकरा वर्षं गप्प.

ती आई आज या सभागृहात आहे. ताई, उशीर बाईंनी नाही केला. मी केला.

काय म्हणालात ताई? ...तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?

...असो. बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला.