चाकांवरच्या घरातली ऊब

गॅसच्या दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या एका गॅस फिटरच्या पुढेच एक आजी-आजोबा होते.

"अहो, आजच घाट चढू या. घर चाकांवर आहे, मग थांबायचं कशाला?"

"सिलिंडर तर मिळू दे. गाडीत कसं उबदार झालंय, बघितलंस? छताची जाळी फोमने बुजवली. आता वाऱ्याची काय बिशाद आत शिरायची."

"तो भिंतीवरचा गॅसचा अलार्म मात्र रात्रभर कोकलत होता."

"त्याचे सेलच काढून टाकले मी. डोक्याला ताप नुसता."

"डोकं तरी कुठे थांबलंय माझं? सकाळपासून ठणकतंय."

"प्रवासाची हुरहुर गं ती. नात बघ, गाडीत कशी ढाराढूर झोपलीये. मघाशी हलवलं तरी हूं की चूं नाही."

"गॅसचा हीटर चालू आहे ना? पोर गारठायची."

"चालू आहे. दारही घट्ट लावलंय."

फिटरने सिलिंडर तिथेच सोडला.

"आजोबा, गाडी कुठे आहे?"

"ती काय, समोर. का हो?"

"किल्ली द्या आधी. हीटरचा विषारी वायू आत कोंडलाय!"

"हिच्या पिशवीत असेल."

आजी पिशवी उपसू लागल्या. तोवर फिटर पाना घेऊन गाडीच्या खिडकीपाशी पोचलाही होता. काच फुटली.

आतून नातीचं रडणं ऐकू आलं, तेव्हा त्याने हात आत घालून दार सताड उघडलं.